टगबोट, नग पंचवीस

धोबीतलावच्या आमच्या दुकानात
पुढे कप, ढाली, शिट्ट्या,
आणि मागे पोटमाळ्यावर बिल्ल्यांचं भरतकाम.
एकाहत्तर साली तिथे एक थाई खलाशी आला.
त्याला हिंदी येत नव्हतं, बाबांना थाई,
इंग्रजी दोघांत मिळून अर्धं.
सिगारेटच्या पाकिटामागे त्यानं चित्र काढलं:
टगबोट, खाली चेंडू, नळकांड्यावर धूर.

आता बाबा वेसाव्याचे, हिराजी टपके.
होडीच्या माथ्यावर फडफडतं ते निशाण,
दुसरं काही असूच शकत नाही.
त्यांनी धुराचा झेंडा केला. लाल.
खलाशानं बिल्ला उजेडात धरला,
बराच वेळ धरला,
मग हसून पैसे मोजले.
पुढच्या वर्षी चिठ्ठी आली:
आणखी तीस, झेंड्यासकट.

नदीकाठच्या बंदरातला क्लब होता तो,
हमालांचा, क्रेनवाल्यांचा, जकातीतल्या कारकुनांचा.
पाळी संपवून त्याच बुटांनी खेळणारे, असं बाबा सांगायचे,
पण ते त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.
बिल्ल्यावर साल असायचं २५१४.
मी तेव्हा पाढे पाठ करायच्या वयाची.
वजाबाकी केली: पाचशे त्रेचाळीस.
एवढी वर्षं पुढे राहणारी माणसं
आमच्याकडून कसले बिल्ले शिवून घेतात?
त्यांना त्यांचं पुढचं सगळं ठाऊक असणार,
असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

ठाऊक नव्हतं.

ऑर्डरवहीत सगळं आहे.
२५२८ : बोटीवर एक तारा वाढवा.
(त्या वर्षी बाबांनी पेढे वाटले,
शेजारच्या पारशी घड्याळवाल्यानं विचारलं,
टपके, कोण पास झालं?)
मग लीग आली, पगार आले, बँक आली.
बँकेला बोट नको होती, पक्षी हवा होता.
बाबांनी पक्षी शिवला, आणि त्या रात्री जेवताना
मिठाचं भांडं दोनदा मागितलं.
मग बँक गेली, सरबतवाले आले,
क्लब उचलून डोंगरात नेला,
जिथे समुद्र नाही, नदीही उन्हाळ्यात आटते.
ड्रॅगन. सोनेरी. कॉम्प्युटरवरून थेट फाइल.
२५६० ला कुणीतरी परवाना विकला.
त्यापुढे वहीचं पान कोरं,
आणि त्यावर चहाच्या कपाचं गोल.

परवा निरोप आला, यंत्रानं केलेल्या मराठीत:
‘आदरणीय टपके साहेब, आमचा क्लब मेला होता,
आम्ही प्रेक्षकांनी त्याला परत उभा केला आहे.
आता आम्ही सर्वात खालच्या वर्गात बसतो.
जुनी टगबोट पाहिजे, नग पंचवीस.
झेंडा विसरू नये.
लोक आम्हाला झेंडेवाले म्हणतात.’
खाली नाव: पिचाय.
साहेब जाऊन अकरा वर्षं झाली,
हे मी कळवलं.
झेंडा मुळात धूर होता,
हेही लिहिलं, मग पुसलं.

रियाजुलनं विचारलं, धागा कोणता?
म्हटलं, लाल. तो जरा किरमिजीकडचा आहे ना, तो.

शनिवारी शटर अर्धं ओढून
आम्ही दोघांनी मोबाइलवर मॅच पाहिली.
कॅमेरा हलत होता, कुणाचा तरी बापच धरून होता बहुतेक.
तीन गोल खाल्ले.
तिसऱ्यानंतर गोलकीपर कॅमेऱ्याकडे वळला,
छातीवरच्या बिल्ल्याचा एक कोपरा सुटलेला.
‘तो तुमच्या हातचा,’ रियाजुल म्हणाला,
आणि ते खरं होतं.

सव्विसावा मी ठेवून घेतलाय.
त्याच्यावर धूर काढलाय, करड्या रेशमात,
खलाशानं काढला होता तसा, डावीकडे कललेला.
काउंटरच्या काचेखाली आहे.
गिऱ्हाईक विचारतात, कुठल्या क्लबाचा?
मी किंमत सांगत नाही.